शेवटच्या भोकातला बोल्ट

"सुई परत पाठव गं. का तिकडे जेवायला बसलीस?"

विनी पंखाच्या पलीकडून कुरकुरली. मध्ये विमानाचा अख्खा पंख आडव्या कडेवर उभा होता, त्यामुळे आम्ही एकमेकींना दिसत नव्हतो. पांढऱ्या कापडातून तिची सावली तेवढी कळत होती, आणि तिचा श्वास.

"गाठ बसत नाहीये," मी म्हटलं.

"तुझी गाठ कधी बसलीय? तंबू शिवणाऱ्या बाईला विमान शिवायला दिलं, चूक आमचीच."

मी गाठ बसवली आणि सुई परत खुपसली. पलीकडून तिने ती ओढून घेतली. जुन्या विमानांचे पंख असेच असतात: आत फासळ्या, वर ताणलेलं कापड, आणि प्रत्येक फासळीला ते कापड मेणाच्या दोऱ्याने टाचलेलं. हातभर लांब सुई एकीने इकडून घालायची, दुसरीने तिकडून परत करायची. एकटीचं काम नाही. मला हे कोणी शिकवलं नाही. एकदा एक मोडका पंख टाका-टाका उसवला आणि उलट्या क्रमाने शिवत आले. त्या आधी मी होड्यांची आच्छादनं आणि तंबू शिवायची, अजूनही शिवते. अलास्कात आमच्यासारख्या नदीकाठच्या गावात रस्ता येत नाही. जे येतं ते होडीने नाहीतर विमानाने, आणि दोन्ही कधी ना कधी फाटतंच.

"नदीन," पलीकडून आवाज आला, जरा खालच्या पट्टीत. "नदी गोठायच्या आत उडेल का गं हे?"

"हाल्वर काय म्हणतो?"

"हाल्वर म्हणतो उडेल. काल नवीन टाकी मागवली त्याने."

मी सुई परत पाठवली.

विमान विनीचं. दोन माणसं मावतील एवढं, तीही एकापाठी एक बसायची, असं ते जुनं खोड. तिच्या तरुणपणी तिने त्यातून वरच्या वस्त्यांना टपाल नेलं, पीठ नेलं, बाळंतिणी आणल्या, एकदा एक दातांचा डॉक्टर आणि पाच कुत्री एकाच खेपेत नेली. डॉक्टरने परतीला होडी धरली. हाल्वर तिचा नवरा, त्याचं काम दुरुस्तीचं. विमानाचा बोल्ट न् बोल्ट त्याला माहीत, पण जन्मात कधी त्यात बसला नाही. "कसं बनतं ते ज्याला माहीत असतं," तो म्हणायचा, "तो आत बसत नाही."

त्यांचा मुलगा आर्ने. उंची बापाची, हात आईचे. विनीनेच त्याला उडायला शिकवलं आणि पुढे विमान दोघं आळीपाळीने वापरू लागले. त्या घरात भांडणाला विषय एकच, सीट. सीट रुळावर पुढे-मागे सरकते. विनी माझ्या खांद्याला लागते, तिची जागा पहिल्या भोकात. आर्नेचे गुडघे कानाला लागायचे, त्याची शेवटच्या भोकात. रोज सकाळी धावपट्टीवरून तिचा आवाज गावभर जायचा: "माझी सीट कुठे नेऊन ठेवलीस रे, लंबूटांग?" आणि संध्याकाळी त्याचा: "आई, मी काय मांडी घालून उडवू?"

गेल्या शरद ऋतूत आर्ने शिकाऱ्यांच्या तळावर सामान घेऊन निघाला आणि पोचला नाही. विमान सापडलं ते कोल्ड फोर्क नदीच्या काठी, गोट्यांच्या पट्ट्यावर, नाकावर उलटलेलं. सीटचा पट्टा नीट सोडवलेला. दार उघडं. बुटांचे ठसे पाण्यापर्यंत गेलेले, आणि पुढे नदी. बहुतेक पलीकडच्या झोपडीकडे जायला निघाला असेल. सगळा गाव शोधत होता, बर्फ धरेपर्यंत.

सुरुवातीला सगळे म्हणाले, पोहोचला असेल कुठल्या झोपडीत, येईल. मग बर्फ पडला, मग वितळला, आणि ते वाक्य कोणी मागे घेतलं नाही. आमच्याकडे एकदा दिलेलं परत मागत नाहीत, त्यातलंच ते झालं असावं.

हाल्वरने विमान हेलिकॉप्टरखाली टांगून आणवलं. प्रोपेलर उन्हात टाकलेल्या पानासारखा मुडपलेला होता. उन्हं लांबायला लागली तसं त्याने विमान उसवायला घेतलं. सांगाडा सरळ केला, गंज खरवडला, कापड चढवून गरम इस्त्रीने ताणलं. आयुष्यात स्वतःच्या सदऱ्याला इस्त्री न केलेला माणूस पंखावर अशी इस्त्री फिरवायचा, की जणू चर्चला जायचंय.

विनीला विमान हवं होतं ते एका कामासाठी. तिच्या जमातीच्या माणसांमध्ये मेलेल्याला जेवण आगीतून पोचतं. ताट आगीत ठेवायचं, नाव घ्यायचं. ते झालं की मग गावाला बोलावून मोठं जेवण घालायचं, गाणी म्हणायची, ज्यांनी ज्यांनी धावपळ केली त्यांना घोंगड्या नि हातमोजे वाटायचे. तोवर ना त्याची सुटका, ना घरच्यांची. तिला त्या गोट्यांच्या पट्ट्यावर जाऊन आग पेटवायची होती. होडी तिथवर जात नाही. आणि दुसऱ्याच्या विमानात बसून मुलाला जेवू घालायला जायचं, हे तिच्या गळी उतरत नव्हतं.

हे तिने मला सांगितलं पंखाआडून. हाल्वरला तोंडाने कधीच सांगितलं नाही. पण त्याला ठाऊक होतं. घरात फ्रीजरच्या वाटेवर नव्या घोंगड्यांची चळत छातीपर्यंत आली होती, आणि मांस काढायला जाताना तो चळतीच्या बाजूने अंग चोरून जायचा. कशाला आणल्यात, असं त्याने एकदाही विचारलं नाही. तिनेही त्याने विचारायची वाट पाहिली, बस.

आणि इकडे विमान काही पुरं होईना. जुनं होतं तसं झालं तेव्हा त्याने आधीपेक्षा ताकदीचं इंजिन बसवलं. मग लांब प्रोपेलर आणला. प्रोपेलर जमिनीला लागेल म्हणून चाकांचे पाय उंच केले. उंच पायांना साजेशी, फुग्यासारखी मऊ मोठी चाकं लावली.

पर्सीला राहवेना. पर्सी म्हणजे खालच्या गावचा तपासनीस. त्याची सही झाल्याशिवाय विमान उडत नाही, आणि कॉफी झाल्याशिवाय पर्सी सही करत नाही.

"हाल्वर, विमान आहे का नवरी? दर खेपेला नवा दागिना."

"मोठी चाकं असती तर गोट्यांवर उलटलं नसतं," हाल्वर म्हणाला. "पुढच्या वेळी उतरेल तेव्हा नाक नाही टेकायचं."

पर्सीने कपात बघितलं. मी माझ्या दोऱ्याला मेण लावत बसले. उतरेल कोण, हे विचारायला आमच्यापैकी कोणाची जीभ रेटली नाही. उलट पर्सी म्हणाला, "आर्नेला आवडतील ही चाकं." म्हणाला आणि पस्तावला, कारण हाल्वर इतका मनापासून हसला.

मग एक दिवस हाल्वर माझ्या दुकानात आला. दोन्ही हातांत टोपी.

"सीटचं कव्हर शिवायचंय. पाठीला पातळ ठेव, अगदी पातळ. त्याच्या पायांना जागा पुरत नाही."

"सरकते ना सीट," मी म्हटलं.

"आता नाही सरकणार. शेवटच्या भोकात बोल्ट टाकून पक्की केलीय. सरकत्या सीटचा भरवसा नसतो. ऐन उड्डाणात मागे घसरली तर?"

हे खरंच होतं. तसं होतं कधीकधी. हाल्वरची सगळी कारणं अशीच खरी असायची, म्हणून तर त्याच्याशी कोणाला बोलता यायचं नाही.

संध्याकाळी विनी आली. तिने दाराशी उभ्याउभ्याच विचारलं, "काय शिवायला दिलं त्याने?"

मी सांगितलं. तिने माझ्या मशीनचं चाक बोटाने एक फेरा फिरवलं.

"मग मला एक उशी शिव. पाठीला लावायची. जाड."

"किती जाड?"

"त्याच्यात नि माझ्यात जेवढं अंतर आहे तेवढी."

मी दोन्ही शिवलं. एकाच कापडातून, एकाच दोऱ्याने. शेजारी शेजारी ठेवलं तेव्हा सीटचं कव्हर भाकरीएवढं दिसत होतं आणि उशी बाळाएवढी. दोन्हीवर हसू येत होतं, पण हसायला दुकानात मी एकटीच होते.

बर्चची पानं पिवळी होऊन गळली. सकाळी नदीच्या कडेला बर्फाची पातळ साय दिसायला लागली. पर्सी शेवटच्या तपासणीला आला. त्याने विमान वजनाला घातलं, तारा ओढून पाहिल्या, माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "तंबूवाल्या बाईच्या मानाने बरं आहे." मग चाचणीसाठी आत बसला आणि त्याचे पाय पेडलांना पोचेनात.

पर्सी मूळचा बुटका. त्याने रुळाकडे वाकून पाहिलं, बोल्ट पाहिला, हाल्वरकडे पाहिलं. हाल्वर हात पुसत होता, आधीच स्वच्छ असलेले हात. पर्सीने मला हाक मारली. "नदीन, एखादी उशी असेल ना गं कुठे?"

विनीची उशी लावून पर्सी उडाला. विमान चार उड्यांत जमीन सोडून गेलं. गावावरून दोन घिरट्या घेऊन तो असा अलगद उतरला, की मोठी चाकं नुसती बसल्यासारखी बसली. हाल्वर टोपी काढून उभा होता. इतका देखणा माणूस मी त्याला त्या आधी कधी पाहिला नव्हता.

"झालं," पर्सी खाली उतरत म्हणाला. उशी त्याच्या काखेत. "सही करतो. उद्या कुठेही न्या."

"उद्या नाही," हाल्वर म्हणाला. "हीटर बदलायचाय. जुना पायांपर्यंत ऊब नेत नाही. त्याचे पाय फार गारठतात. मागवलाय मी."

"कधी येईल?"

"येईल. वसंतात."

पर्सीने उशी या काखेतून त्या काखेत घेतली.

तेवढ्यात विनी घराकडून येताना दिसली. अंगात उडायचं जुनं जाकीट, हातात झाकलेलं ताट. धुरावलेला रावस, मूस हरणाच्या फासळ्या, लोण्याचा जाड थर दिलेली कडक बिस्किटं, वाटीत निळ्या बेरी. आर्नेचं ताट. त्या गावात लहानाचा मोठा झालेला कोणीही ते ओळखलं असतं. तिने ताट माझ्या हातात दिलं.

"धर. सांडलंस तर तुलाच आगीत घालीन."

आणि ती विमानात चढली. दोन्ही हातांनी दांड्याला धरून, तरुणपणी चढायची तशी. सीटवर बसली आणि तिचे बूट पेडलांच्या कितीतरी अलीकडे लोंबत राहिले, खुर्चीवर बसवलेल्या पोरीसारखे. पर्सीने मुकाट्याने उशी पुढे केली. तिने घेतली नाही.

"हाल्वर," ती म्हणाली. "पाय पोचत नाहीत."

"उशी घे ना."

"उशी नको."

"हीटर आला की—"

"विमान माझं आहे," विनी म्हणाली. आवाज चढवला नाही. "सीट पुढे घे."

"विनी, तो बोल्ट पक्का बसवलाय. आणि मग परत त्याला मागे करताना..."

तो थांबला. मला वाटलं, आता विनी बोलेल. पर्सीलाही वाटलं, त्याने डोळे मिटून घेतले. सगळा उन्हाळा ते वाक्य तिच्याच ओठांवर होतं, मी पंखाआडून त्याचा श्वास ऐकला होता. पण ती लोंबत्या बुटांकडे बघत राहिली. ताटातला रावस माझ्या हातात गार होत होता. नदीवरून वारा आला, धावपट्टीच्या टोकाला कापडी वायुदर्शक फडफडला आणि पडला.

हाल्वरने खिशातून पाना काढला. त्याच मापाचा. म्हणजे तो खिशातच होता, कोण जाणे कधीपासून.

दारातून अर्धा आत वाकून तो गुडघ्यांवर आला. त्याचं डोकं विनीच्या गुडघ्याशी. बोल्ट त्याने स्वतःच आवळला होता, तो त्याचंही सहज ऐकेना. एकदा पाना घसरला, बोटाचं कातडं गेलं. विनीने हात खाली नेला, पण त्याला लावला नाही. तसाच धरून ठेवला. मग बोल्ट फिरला. त्याने तो मुठीत घेतला, दुसऱ्या हाताने कळ दाबली आणि सीट ढकलली. भोकं एकेक करून खटखटत मागे गेली. विनीचे बूट पेडलांवर टेकले.

हाल्वर तिथून उठला नाही. मूठ मिटलेली, तोंड तिच्या बुटांकडे.

"आर्ने मेला, विनी," तो म्हणाला. "आपला पोरगा मेला."