गेला का आवाज?

आमच्या ह्यांना गिऱ्हाइकं 'कानसेन' म्हणतात. गाडी वळणावर आली की हे गॅरेजमधूनच सांगणार, "बेल्ट सैल आहे," नाहीतर "सायलेन्सरला भोक पडलंय." तीस वर्षं आमची चूल ह्याच कानांवर पेटली. घरात मी चार हाका मारल्या तरी ओ देत नाहीत, ते मी कधी मनावर घेतलं नाही. बायका नवऱ्याला बहिरा म्हणतात ते काही तपासून म्हणत नाहीत.

मंगळवारी सकाळी नर्सबाई गाडी घेऊन आली. घरोघरी जाऊन आजाऱ्यांच्या जखमा बांधणारी ही बाई, गाडी बंद म्हणजे तिचे पायच बंद.

"कानसेनमामा, ॲक्सिलरेटर दाबला की कुईं करते बघा. जितका दाबावा तितका आवाज चढतो, सोडला की उतरतो."

हे तिला शेजारी बसवून एक फेरी मारून आले. "काही नाही हो, गाडी ठणठणीत आहे. उगाच मनात धरून बसलात."

मी गॅरेजच्या दारातल्या टेबलाशी फोन घ्यायला बसते. गाडी वळणावर होती तेव्हापासून तो आवाज माझ्या दातांत शिरत होता. मी म्हटलं, "अहो, मला इथवर ऐकू आला."

"तू आता मेकॅनिक झालीस वाटतं!"

माझ्याही नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तडक जाऊन मागच्या सीटवर बसले. दुसऱ्या फेरीत ह्यांनी पाय दाबला, आवाज चढला, आणि मी ओरडले, "हा! हा बघा!"

"कुठे?"

नर्सबाईने आरशातून माझ्याकडे पाहिलं. हे पुन्हा म्हणाले, "कुठे आहे?" पण ह्या वेळी फार हळू. मग त्यांनी गाडी गॅरेजकडे वळवली.

गाडी ठेवून नर्सबाई रिक्षाने कामाला गेली. इंजिनातला आवाज हाडातून ऐकायला ह्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली. उजवा कान, डावा कान, शेवटी मूठ दातांत धरली. मग नुसत्या अंदाजाने नवा बेल्ट चढवला आणि मला शेजारी बसवून फेरी मारली.

"गेला का आवाज?"

गेला नव्हता. थोडा बारीक झाला होता, इतकंच. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून माझ्या तोंडून निघालं, "गेला."

कसे हसले! संध्याकाळी नर्सबाई घाईत होती, किल्ली घेऊन निघून गेली. रात्री हे दोन घास जास्त जेवले.

बुधवारी गॅरेजचं शटर वर जायच्या आत ती दारात. "मामा, आवाज आहे तसाच आहे."

ह्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. "तू मला तोंडघशी पाडलंस," एवढंच म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडणात माझा हात कुणी धरू शकत नाही.

मग त्यांनी बेल्टच काढला, अर्धा मिनिट इंजिन तसंच चालवलं, मधे पायही दाबला. "आहे?" त्यांनी नर्सबाईला विचारलं, मला नाही.

"नाही. आता नाही."

"म्हणजे बेल्ट जे फिरवतो त्यातलंच काहीतरी बोंबलतंय."

इंजिन बंद करून, डोळे मिटून, ते बेल्टखालची एकेक पुली, म्हणजे चाकी, हाताने फिरवू लागले. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरपाशी बोटं थांबली. "इथे खरखर लागते. बेअरिंग गेलंय." मी बोट लावून पाहिलं, मला काही कळलं नाही. मला ऐकू येत होतं पण कळत नव्हतं. त्यांना कळत होतं पण ऐकू येत नव्हतं. दोघांचा मिळून एक मेकॅनिक होत होता, तोही अर्धवट, कारण त्यातल्या अर्ध्यावर आता भरवसा उरला नव्हता.

नर्सबाई कामावर गेली. दुपारपर्यंत नवं बेअरिंग बसलं. आम्ही दोघं फेरीला निघालो. त्यांनी पाय दाबला, गाडी पळाली, आणि आवाज नव्हता. खरोखर नव्हता. मी दोनदा काच खाली करून ऐकलं.

"गेला!" मला रडूच आलं.

त्यांनी गाडी कडेला घेतली. "खरं?"

"तुमची शप्पथ."

"कालही हेच म्हणालीस."

"काल खोटं बोलले. आज खरं बोलतेय."

"ते मी कसं ओळखायचं?"

मी म्हटलं, "संध्याकाळी नर्सबाई येईल, तिलाच विचारा."

"तिच्या तोंडून पुन्हा 'आहे' ऐकायची माझ्यात ताकद नाही."

गॅरेजमध्ये येऊन त्यांनी बॉनेट उघडलं आणि पान्हा घेऊन धडधाकट बसलेला अल्टरनेटर पुन्हा सोडवायला लागले. मी समोर उभी राहून हात जोडले. मग अगदी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "अहो, गेलाय आवाज!"

"ऐकू आलं," ते म्हणाले, आणि दुसरा बोल्ट सोडवू लागले.