अडीच मीटर, चार मीटर

सेरू. शर्ट. अडीच मीटर.

लितियानाने माझ्या शिवणाच्या दुकानात आणलेल्या यादीतली ही सतरावी ओळ. वरच्या सोळा ओळी बायकांच्या, प्रत्येकीला चार मीटर: घोट्यापर्यंत लुंगीसारखा सुलू, त्यावर गुडघ्याखाली येणारा झगा. खाली पुरुष, शर्टाला अडीच. कापड सगळ्यांना एकच, निळ्यावर पिवळी जास्वंद. शनिवारी तिच्या लेकीचं लग्न. लग्नात घरचे सगळे एका कापडात दिसले पाहिजेत, नाहीतर लोक विचारतात, हा कोणाकडचा?

सतरावी ओळ माझ्यासमोरच बसली होती, काज करत. यादी तिने वाचली.

"दीदी, अडीच मीटरमध्ये मी काय काय झाकू?"

एरवी असं काही बोलली की स्वतःच आधी हसते. आज हसली नाही.

*

ती राजधानीत, सुवाला, सेरू म्हणून गेली आणि सेरा होऊन परत आली, त्याला दीड वर्ष झालं. मी तिला कामावर ठेवलं तेव्हा दिराने विचारलं, "असल्याला दुकानात?" मी म्हणाले, "काज चांगले करते." तेवढंच उत्तर होतं माझ्याकडे. पहिले दोन महिने तिचं मशीन मी पडद्यामागे ठेवलं होतं, भिंतीकडे तोंड करून.

रोज दहाला चहा. रोज तिची तक्रार, की खैरूनदीदी साखर मोजून घालते. रोज माझं उत्तर, की ज्याला जास्त हवी त्याने घरून आणावी. कधीतरी मशीन पडद्याबाहेर आलं. कोणी हलवलं, आठवत नाही.

*

लितियाना तिची मामेबहीण. मामे-आते भावंडांनी भेटल्याबरोबर एकमेकांची टर उडवायची, ही आमच्या तावुआ गावातली पद्धत. मी तर नात्यातलीही नाही, तरी वीस वर्षं मी नमाजाला उठले की शेजारच्या तिच्या भाजीच्या गाळ्यावरून तिचा आवाज येतो, "माझंही सांग त्याला, गुडघे दुखतात म्हणावं." तिच्या घरी जेवायला गेले की माझी कोंबडी वेगळ्या पातेल्यात, आणि वर ऐकवणं: "हिच्या देवामुळे मला एक भांडं जास्त घासावं लागतं."

आणि सेराशी? "कृपया." "आभारी आहे." "जरा बाजूला होता का?"

लितियाना ज्याच्याशी नीट बोलते, त्याचं काही खरं नाही.

*

लितियाना. छाती चव्वेचाळीस. कंबर एक्केचाळीस. (सोमवार. माप मी घेतलं. सेराने टेप पुढे केला तर म्हणाली, "नको, खैरून घेईल.")

मंगळवारी सात बायका येऊन गेल्या. टाचण्या सेराने लावल्या, माझे दोन हात कुठे कुठे पुरणार? बायका तिच्यापुढे हात वर करून उभ्या राहिल्या, नजर भिंतीकडे. सातवी म्हणाली, "मागून जरा सैल ठेव गं." तो "गं" ऐकून सेराच्या तोंडातली टाचणी पडली.

यादीत मात्र अडीचच.

*

बुधवार. दुपारची नमाज, चार रकाती, म्हणजे चार आवर्तनं. मी कापड कापायच्या फळीमागे चटईवर.

पहिली. पडद्याआड झग्याची चेन वर ओढल्याचा आवाज. अडकली. पुन्हा ओढली.

"खैरून," लितियाना.

नमाजात बोलता येत नाही.

"दीदी नमाजात आहे," सेरा.

"थांबते मी."

दुसरी. थांबली नाही.

"जरा... कृपया. चेन अडकली आहे."

पडद्याच्या कड्या सरकल्या.

"श्वास आत घे."

"घेतलाय."

"हा आत घेतलेला आहे?"

तिसरी. कपाळ टेकून मी एक सिजदा केला की दोन, तेही चुकलं. मनात एकच: ही पोरगी बोलून बसली. आता ती बाई निघून जाईल, आणि शनिवारी सेरा शर्ट घालून पुरुषांच्या चटईवर बसेल, नाहीतर घरीच बसेल.

चौथी.

"माप सोमवारी घेतलंय." सेरा म्हणाली, आणि थांबली नाही. "दोन दिवसांत अख्खं डुक्कर खाल्लंस का? पाहुण्यांना ठेवायचं होतं."

मग तो आवाज, भाजीच्या गाळ्यावरचा, बाजारभर जाणारा:

"आणि तुझ्या त्या कंबरेला कंबर म्हणायचं का, दौवे? कसाव्याच्या काठीला झंपर घातलंय. आधी स्वतःला चार ठिकाणी भर, मग माझी मापं काढ."

दौवे. नणंद म्हणा, वहिनी म्हणा, मामेबहीण म्हणा. बाई बाईलाच म्हणते. पुरुषाला वेगळा शब्द आहे.

मी हसले. मोठ्याने. नमाज मोडली.

"ती बघ, हसली," पडद्याआडून लितियाना. "आता तिच्या देवाला कोण उत्तर देणार?"

"तूच," मी म्हणाले. "तुझ्या कंबरेने मोडली."

पुन्हा हातपाय धुतले, पुन्हा चारही रकाती केल्या. त्या दोघी सगळा वेळ भांडत होत्या. इतक्या निवांतपणे मी कधी नमाज पढले नाही.

*

"तागा संपलाय," मी सांगितलं. "सेराच्या झग्याला अजून दीड मीटर कुठून आणू?"

लितियानाने यादी ओढून घेतली, बोट खाली नेलं, नवऱ्याच्या नावावर थांबवलं.

"आपेनिसाचं काप."

"मुलीचा बाप आहे तो."

"त्याच्याकडे पांढरा शर्ट आहे. उरलेल्या मीटरची त्याला टोपी शिव."

सेरा. चार मीटर. जोड उजव्या कुशीला.

जोडावर जास्वंदीच्या पाकळ्या जुळाव्यात म्हणून सेराने ती शिवण तीनदा उसवली. मी एकदाही ओरडले नाही.

*

शनिवारी माझं वेगळं पातेलं नेहमीच्या जागी होतं. बायकांच्या चटईवर सतरा झगे. सेरा मला पटकन सापडलीच नाही.

आपेनिसा मांडवाच्या दाराशी पांढऱ्या शर्टात उभा होता. नवऱ्या मुलाकडच्या एका म्हातारीने लितियानाला विचारलं, "हा कोणाकडचा गं?"

"कोण जाणे," लितियाना म्हणाली. "जेवायला आला असेल."