फाडफाड सरांच्या वर्गातला पोपट

मित्रांनो, मी एक म्हातारा पोपट आहे. पण 'मिठू मिठू' म्हणा, असा आग्रह माझ्यापाशी धरू नका. ते मला येत नाही. मला 'डेफिनेटली' येतं, 'ऑनेस्टली' येतं आणि 'ॲक्चुअली' तर झोपेतही येतं. अशी विद्या घेऊन कुठलंच पाखरू जन्माला येत नाही. ती माझ्या गळी उतरवली गेली, आणि त्यासाठी माझं पोट रिकामं ठेवावं लागलं.

माझा जन्म एका वाळक्या झाडाच्या ढोलीत झाला. आम्ही तीन भावंडं होतो. पाखरं धरणाऱ्या माणसाने ढोलीत हात घातला तेव्हा आईने त्याचं बोट फोडलं. त्याने तिला बुंध्यावर आपटलं आणि आम्हाला पिशवीत भरलं. बाजारात पोचेपर्यंत तिघांतला मी एकटाच उरलो. तिथल्या दुकानदाराने मला उताणं धरलं, कात्रीने माझे पंख छाटले आणि म्हणाला, "आता जा कुठे जायचं ते!" त्या माणसाचं मला अजून कौतुक वाटतं. त्याच्या बोलण्यात आडपडदा नव्हता.

त्याच्याकडून मला फाडफाड सरांनी घेतलं. त्यांचं खरं नाव कुणी घेत नसे. चपलांच्या दुकानावरच्या मजल्यावर त्यांचा वर्ग होता आणि बाहेर पाटी होती, 'फाडफाड इंग्रजी'. पाटीने विद्यार्थी येईनात, म्हणून सरांनी रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत माझा पिंजरा टांगला आणि खाली लिहिलं, 'आमच्याकडे पोपटही इंग्रजी बोलतो'.

आता पोपट बोलायला तर हवा. सर सकाळी डाळिंब सोलून समोर बसत आणि एकच शब्द म्हणत राहत. तो माझ्या तोंडून निघाला तर एक दाणा मिळे. नाही निघाला तर सर स्वतः डाळिंब खात, हळूहळू, माझ्याकडे बघत. मी तसा हुशार होतो. दोन उपासांत 'ॲक्चुअली' शिकलो.

तुम्ही विचाराल, सरांनी मला 'आंबा', 'झाड', 'पाणी' असे शब्द का नाही शिकवले? त्याला कारण होतं. सरांचा सगळा धंदाच 'ॲक्चुअली', 'डेफिनेटली' असल्या शब्दांवर चालला होता. नव्या विद्यार्थ्यांना ते पहिल्याच दिवशी सांगत, "इंग्रजी बोलणारा माणूस खरं कधी उघडं ठेवत नाही. त्याच्यावर काहीतरी पांघरतो. माहीत नसेल तर प्रॉबेबली म्हणा. माहीत असेल तरी प्रॉबेबली म्हणा, नम्र दिसता. दुसऱ्याने सांगितलं असेल तर ॲपरन्टली. समोरच्याला मूर्ख ठरवायचं असेल तर ऑब्व्हियसली. आणि अगदी खरं असेल तर डेफिनेटली!"

मी पिंजऱ्यातून वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. 'तो येईल' असं म्हटलं की माणूस येतो. 'तो डेफिनेटली येईल' असं म्हटलं की त्याचं ताट झाकून ठेवावं. 'ऑनेस्टली' म्हणजे आतापर्यंत जे बोललो ते तेवढं मनावर घेऊ नका. यात इंग्रजीलाच नावं ठेवायला नकोत. आपल्याकडे 'म्हणे' आहेच, आणि त्या एका 'म्हणे'वर चांगल्या चांगल्या सुना घराबाहेर पडल्या आहेत. पण आपल्या लोकांना निदान 'म्हणे'ची भीती वाटते. सरांच्या वर्गात लोक ते शब्द दागिने घालावेत तसे घालत.

त्या वर्गात एक टेलरताई आली. कपडे शिवायची, म्हणून सगळे तिला टेलरताईच म्हणत. तिचा नवरा समुद्रापलीकडे एका मोठ्या खानावळीत कामाला होता. त्याच्या तिकडे राहण्याच्या परवान्यात मुलगी बसली, बायको बसली नाही. बायकोने वेगळी मुलाखत द्यायची, तीही इंग्रजीत. मुलगी चिमी पाच वर्षांची असताना बापाबरोबर गेली, आणि ताई मुलाखतीत नापास होऊन मागे राहिली. 'यस' आणि 'नो'पलीकडे तिला काही बोलता आलं नव्हतं. म्हणून ती सरांकडे आली. तिला पोरीजवळ जायचं होतं, दुसरं काही नको होतं.

तिचं बोलणं फार सरळ होतं. सरांनी विचारलं, "हा सदरा कसा वाटतो?" तर म्हणाली, "खांद्याला वाईट शिवलाय."

"असं नाही बोलायचं हो! म्हणायचं, ऑनेस्टली, इट इज परहॅप्स लूज."

"पण तो घट्ट आहे, सर."

वर्ग हसला. सरांनी मग तिला मनावर घेतलं. मला जसं शिकवलं तसंच तिला शिकवलं. फरक एवढाच, की डाळिंबाच्या जागी त्यांनी चिमी धरली. ताईचं वाक्य उघडं आलं की सर बोट उगारत, "असं बोललात तर पोरगी दिसेल का?" ताई घाईघाईने वाक्यावर एक पांघरूण घाली, मग दुसरं घाली. मी वरून तिला साथ द्यायचो, "डेफिनेटली! डेफिनेटली!" सर मला दाणा देत आणि तिला शाबासकी.

मग ती मुलाखतीला गेली. दुसऱ्या दिवशी वर्गात आली तेव्हा दाराशीच उभी राहिली.

सर म्हणाले, "काय झालं? सांगा ना."

"साहेबांनी विचारलं, मुलगी कुणाजवळ असते? मी म्हटलं, ॲक्चुअली सर, ऑनेस्टली, माझ्या नवऱ्याजवळ असते. मग म्हणाले, तुम्ही त्यांच्याबरोबरच राहणार का? मी म्हटलं, डेफिनेटली, ॲब्सोल्यूटली, ट्रूली."

"वा! मग?"

"मग त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, बाई, खरं बोलणाऱ्याला इतके साक्षीदार लागत नाहीत. तुमचं लग्न तरी खरं आहे का? आणि शेवटी म्हणाले, अनफॉर्च्युनेटली. आता तीन वर्षं अर्ज करता येणार नाही."

सरांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. ते वर्गाकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? नकार देतानासुद्धा अनफॉर्च्युनेटली आधी लावलं. याला म्हणतात सभ्यता!" कुणीतरी ते वहीत लिहूनही घेतलं.

मला भूक लागली होती. मी माझ्या सवयीने ओरडलो, "ऑनेस्टली!" आणि सगळा वर्ग खो खो हसला. टेलरताई हसली नाही. वर्ग सुटल्यावर ती पिंजऱ्याजवळ आली, कॉलरला टोचलेली सुई काढली आणि गजांतून माझ्या पायात खुपसली. मी तिचं बोट रक्त येईपर्यंत चावलो. मित्रांनो, त्या वर्गात आमच्यात झालेलं तेवढंच खरं बोलणं.

तुम्हाला वाटेल, ती परत आली नसेल. ती आली. तीन वर्षांनी पुन्हा मुलाखत होती, आणि सरांशिवाय तिला दुसरं कोण माहीत होतं? बुडत्याला काडीचा आधार, मग ती काडी सरांच्या हातात का असेना. सरांनी तिला 'वरच्या वर्गात' घातलं.

चिमीचा फोन वर्गाच्या वेळेलाच यायचा, कारण तिकडे तेव्हा सकाळ असे आणि पोरीला शाळेत जायचं असे. सरांनी परवानगी दिली, पण अट घातली, की फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावायचा. तिकडचं इंग्रजी फुकट ऐकायला मिळेल, हा त्यांचा हिशेब. सुरुवातीला पोर रडायची, "आई, तू कधी येणार?" वर्गाला त्यातून काही शिकता येत नसे, सर घड्याळ बघत. मग हळूहळू रडणं थांबलं. मराठी शब्द पोरीला आठवून आठवून सांगावे लागू लागले. फोनही रोजचा आठवड्यावर गेला. सर मात्र खूश होते. "काय सुधारलीय मुलगी!" असं ते प्रत्येक वेळी म्हणत.

त्या दिवशी फोन आला तेव्हा वर्ग भरलेला होता. ताईने शाळेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. पलीकडून 'यस', 'ओके', 'फाइन' येत होतं. मग तिने वर्गाकडे पाठ केली आणि हळू आवाजात विचारलं, "चिमे, तुला माझी आठवण येते का गं?"

पलीकडे कुणीतरी थाळी ठेवल्याचा आवाज आला. पोर खोटं बोलणारी नव्हती, आईवर गेलेली होती. तिने नीट विचार केला आणि खरं ते सांगितलं.

"प्रॉबेबली," ती म्हणाली. मग बसचा भोंगा वाजला आणि फोन बंद झाला.

सर खुर्चीतून उठले. त्यांचे डोळे चमकत होते. "ऐकलात उच्चार? याला म्हणतात उच्चार! चला, सगळे म्हणा!"

सगळ्या वर्गाने म्हटलं. मीही म्हटलं, दाण्यासाठी. सरांनी बोट ताईकडे वळवलं. "तुमचे ओठ हलले नाहीत. म्हणा. इथे अडलात तर पुढच्या मुलाखतीत काय करणार?"

टेलरताईने बंद फोन मांडीवर उपडा ठेवला. मग तिने तो शब्द म्हटला, मुलीच्याच सुरात, तसाच हळू. त्या वर्गात आल्यापासून पहिल्यांदाच तिचा उच्चार बिनचूक आला. सरांनी टाळ्या वाजवल्या आणि वर्गानेही वाजवल्या.

मित्रांनो, माझ्या हकिकतीतून काही शिकाच असं मी म्हणत नाही. शिकवण्याचं काय होतं ते मी पाहिलं आहे. पिंजऱ्यातली वाटी रोज धुवा आणि पाखराला उपाशी ठेवून बोलायला लावू नका. आणि घरातलं कुणी लांबून विचारलं, माझी आठवण येते का, तर 'हो' म्हणा. येत नसेल तर 'नाही' म्हणा. 'नाही' ऐकून माणूस रडतं तरी, आणि रडून झोपतं. टेलरताई अजून वर्गाला येते, पहिल्या बाकावर बसते, आणि तिला अजून रडता आलेलं नाही.