किटलीच्या वाफेवरची लेबलं

आमच्या कचेरीच्या मॅनेजरला सगळे पाठीमागे 'चकचकीत' म्हणतात. बूट चकचकीत, टक्कल चकचकीत, फाइली चकचकीत. टकलाच्या आत मात्र अडगळसुद्धा नाही.

त्याने सहा मोडेम आणले. कुठल्या बोळातून, ते विचारायचं नाही. टेलिफोनच्या लाइनला जोडायच्या यंत्रावर मंजुरीचं लेबल लागतं. म्हणजे आतली वीज लाइनवर उतरत नाही, हे कुणीतरी तपासलेलं असतं. यांच्यावर लेबलच नव्हतं. मग या बहाद्दराने शिपायाला कामाला लावलं: भंगारातल्या मोडेमची लेबलं चहाच्या किटलीच्या वाफेवर सोडवायची आणि नव्यांवर डकवायची. शिपायाने दोन उलटी डकवली. चकचकीतला तीही सुलटीच दिसली.

मी तिथला वायरमन. दोन दिवसांच्या रजेवरून आलो, तर सहाही मोडेम भिंतीवर लुकलुकत होते. अकराला टेलिफोन खात्याचा तपासणीस येणार होता. शिपायाने किटलीची गोष्ट कानात सांगितली, तसा मी लाइनला टेस्टर लावला. टेलिफोनच्या लाइनवर टेस्टर फार तर फोन वाजताना पेटतो; फोन वाजत नव्हता, तरी पेटला.

खिडकीबाहेर, हाक पोचणार नाही इतक्या लांब, कोपऱ्यावरच्या खांबावर माझा थोरला भाऊ चढत होता. तो टेलिफोनचा लाइनमन. आमच्याच लाइनचा जोड दुरुस्त करायला आलेला. आणि दादाला जुन्या लाइनमनांची खोड आहे. तार पकडीने सोलायची नाही, दातांनी सोलायची.

"साहेब, बंद करा हे. मेनची वीज लाइनवर उतरलीय. माझा भाऊ खांबावर आहे."

"लेबल आहे ना?"

"ते किटलीचं लेबल!"

"तुझं रडगाणं नेहमीचंच. तपासणीला दिवे लुकलुकले पाहिजेत. भावाला म्हणावं, अर्धा तास थांब."

"अहो, तो तार तोंडात धरतो!"

"मग हात काय शोभेला दिलेत त्याला?"

आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसला. शिपायालाही हसावं लागलं.

मी खिडकीतून पाहिलं. दादाने तार ओढून घेतली होती आणि मान तिरकी केली होती.

मी मेन स्विच खाली ओढला. सहाही दिवे विझले, पंखा थांबला.

"चालू कर, गाढवा! तपासणीस जिन्यात आहे!"

मी लाइनची दोन उघडी टोकं त्याच्या नाकासमोर धरली. "करतो. आधी ही दातांत धरा. लेबल आहे ना?"

तो मागे सरकला. टेबलाला ढुंगण आपटेपर्यंत सरकला. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. मला तो इतके दिवस नुसता मूर्ख वाटायचा, ते मी त्या दिवशी मागे घेतलं.

तपासणीस आला. चष्मा चढवून, मान वाकडी करकरून लेबलं वाचली. "मंजुरी आहे. दोन उलटी आहेत, तेवढी सुलटी करा." सही ठोकून गेला. मोडेमचं झाकण कुणी उघडलं नाही. मला मेमो मिळाला: विनापरवानगी वीज बंद केली.

दादा खाली उतरून दारात आला. तारेचं साल थुंकत म्हणाला, "तोंड का पाडलंयस रे?"

"माझी पकड घेऊन जा. आजपासून हिनेच सोलायचं."

"दे की मग."

"थांब जरा."

मेन अजून बंदच होता. मी सहाही मोडेमच्या वायरी पिनेपाशी कचाकच तोडल्या आणि मग पकड त्याच्या हातात दिली.

मेमोवर खाली हेही लिहायला बरीच जागा कोरी होती.