टर्न नव्हे, स्वर्व्ह

तीन महिने हर्सूलच्या तुरुंगात असलेल्या बापाचा, कडुबाचा, जामिनाचा इंग्रजी अर्ज वाचून सुलेखानं कोर्टाच्या दारातच वकिलाला अडवलं. चितेगावजवळ आडवं आलेलं लेकरू वाचवायला त्यानं टेम्पो बाजूला घातला, त्यात सायकलवाला दगावला. अर्जात मात्र 'टर्न' लिहिलं होतं.

"वकीलसाहेब, टर्न म्हणजे ठरवून वळणं. बापानं ठरवलं नव्हतं हो! स्वर्व्ह लिहा, झटक्यात बाजूला होणं."

"एका शब्दानं काय होतंय? पुकारा झालाय."

ती कागद सोडेना. शेवटी वकिलानं वैतागून शब्द बदलला.

"झटक्यात का?" न्यायाधीशांनी वाचून विचारलं. "लेकरू आडवं आलं होतं, साहेब," वकिलानं सांगितलं.

जामीन त्या दिवशी मिळाला नाही, पण लेकराच्या आईचा जबाब घेण्याचा हुकूम झाला. तीन महिन्यांत त्या लेकराबद्दल पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं.