बोर्डावरचा सतरावा

बुधाजींनी फोन हातभर लांब धरला आणि बोटाने यादी खाली सरकवत नेली. उद्या कोर्टात लागणाऱ्या दाव्यांचं बोर्ड. कोर्टातली नोकरी संपून चार वर्षं झाली होती, तरी बोर्ड पाहिल्याशिवाय त्यांचा हात ताटाकडे जात नसे.

"एकविसावा आपला," ते म्हणाले.

"म्हणजे उद्याही नाही." संघमित्राने आमटीची वाटी जरा जोरातच ठेवली.

"एकविसावा म्हणजे बाविसाव्याच्या आधी."

मीराबाई हसल्या. लेक हसली नाही. डिलाईल रोडवरची ही खोली अजून संघमित्राच्या आजोबांच्याच नावावर होती. मालक नाव बदलून देईना, म्हणून बुधाजींनी अकरा वर्षांपूर्वी दावा लावलेला. आता चाळ पाडायची होती, आणि कागदावर ज्याचं नाव नाही त्याला नवं घर नव्हतं. ज्या इमारतीत तो दावा तारखा मोजत पडला होता, त्याच इमारतीत, एक मजला खालच्या कचेरीत बसून, बुधाजींनी एकतीस वर्षं हेच बोर्ड लिहिलं होतं. कुठला दावा कितवा, कोणाची साक्ष कोणत्या दिवशी.

"राजरत्नला एक फोन करा ना, बाबा. त्याच कोर्टात आहे, तुमच्या हाताखाली शिकलेला. वर घे म्हटलं तर नाही म्हणेल का तो?"

"नाही म्हणणार नाही. म्हणून तर करत नाही." त्यांनी भाताला आळं केलं. "एक वर घेतला की बाकीचे सगळे एकेक पायरी उतरतात, संघा. त्यात कोणी पहाटेची एसटी पकडून आलेला असतो."

"जगाच्या तारखा लावल्यात तुम्ही. आम्हाला काय उपयोग झाला तुमचा?"

मीराबाईंचा घास हातातच राहिला. बुधाजींनी आळ्यात आमटी ओतली, एक घास घेतला आणि म्हणाले, "मीठ बरोबर पडलंय आज."

दुसऱ्या दिवशी कोर्टात निघताना शर्टाचं तिसरं बटण लावता लावता ते खाटेवर टेकले, ते उठलेच नाहीत.

दाव्यावर वारसांची नावं चढायला आठ महिने गेले. मग साक्षीची तारीख पडली. भिंतीवरच्या यादीत संघमित्रा सतरावी होती. ती नाव शोधत होती तेवढ्यात राजरत्न दारातून बाहेर आला.

"ताई, साहेब पाचला उठणार. उद्यापासून उन्हाळ्याची सुट्टी. सतरावा लागेल असं वाटत नाही, मग पुढची तारीख थेट पावसाळ्यात." त्याने आवाज खाली आणला. "साहेबांना सांगून वर घेतो. सरांसाठी एवढं तर..."

तिच्या ओठांवर 'हो' आलंच होतं. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ मांडीवर डबा धरून बसले होते. दोनदा झाकणाला हात लावून त्यांनी तो मागे घेतला. मध्येच पुकारा झाला तर?

"काका, कितवा तुमचा?"

"चौदावा. पोलादपूरहून येतोय, तिसरी खेप. आज होईल ना गं, बाय?"

ती राजरत्नकडे वळली. "नको, दादा. आहे तिथेच राहू दे."

"शेवटी सरांचीच मुलगी," तो पुटपुटला आणि आत गेला.

चौदावा पावणेचारला आटोपला. सतराव्याचा पुकारा झाला तेव्हा पाचला वीस मिनिटं होती.

मालकाच्या वकिलांनी उलटतपासणीला सुरुवात केली. "तुमचे वडील याच कोर्टात बोर्ड कारकून होते?"

"हो."

"म्हणजे हवी तशी तारीख मिळवणं तुम्हाला सोपं. आजचा नंबरही ओळखीनेच लावून घेतलात, असं माझं म्हणणं आहे."

राजरत्नचं पेन थांबलं. संघमित्राने पिंजऱ्याची लाकडी कड घट्ट धरली.

"हे म्हणणं खरं नाही."

"असे म्हणणे खरे नाही," न्यायाधीशांनी टंकलेखिकेला सांगितलं. "पुढे."

"साहेब, मला अजून बोलायचंय."

"उत्तर झालं तुमचं." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं, बोला. पण नोंदीत येणार नाही."

"चालेल." तिचा आवाज मागच्या बाकापर्यंत गेला. "आमचा दावा इथे बारा वर्षं आहे. बाबांनी एकदाही कोणाकडे शब्द टाकला नाही. मीच टाका म्हणायचे. उपयोग काय तुमचा, असंही विचारलं. त्यांचं बरोबर होतं, साहेब. मला माझ्या बाबांचा अभिमान आहे. घरी कधी म्हटलं नाही मी हे."