आमची पट्टी दोनशे रुपये

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. कपड्यांची नव्हे आणि दागिन्यांची तर नव्हेच, सुरांची. माझं झाकण उघडलंत तर आतल्या बाजूला खडूचे पुसट आकडे दिसतील. ते पुसायला कुणी फडकं उचललं की अजूनही माझा जीव खालीवर होतो. त्या आकड्यांमुळे एक मुलगी नाटकात गाऊ लागली, आणि फुकटात गेलेली मी कमावती झाले. ती गोष्ट सांगायची मला इतकी घाई झाली आहे की भाता पुढे पळतो आहे आणि बोटं मागे राहिली आहेत. पण जन्मापासून सांगितलं नाही तर तुम्हाला माझी किंमत कळायची नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा दुकानात झाला. कारागीर मोठा चिकित्सक होता. त्यानं सागवान तीन पावसाळे मुरू दिलं आणि मगच त्याला रंधा लावला. माझ्या पोटातले पितळी सूर जर्मनीहून आलेले. एका नाटकमंडळीनं मला घेतलं आणि मी गावोगाव हिंडू लागले. पडदा वर जाण्याआधी पहिला आवाज माझा. लोक नटाला वन्समोअर देत. त्यातला निम्मा माझा असे, असं मी मानते आणि मानत राहणार.

पुढे सिनेमा आला आणि मंडळी मोडली ती शेवगावात. मालकानं मला तिथल्या एका हायस्कुलाला देऊन टाकलं. शाळेत दोन वर्षं कौतुक झालं, मग माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. छप्पर गळलं ते नेमकं माझ्यावर. काळी पाच या पट्टीखालचा सूर गंजला आणि कायमचा मुका झाला.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. पट्टी म्हणजे पेटीवर बोटानं दाबायची चीप. गाणारा ज्या सुराला आपला सा मानतो, त्यालाही त्याची पट्टीच म्हणतात. पट्टीचा तिसराही एक अर्थ आहे. तो आप्पासाहेब सांगतील.

आप्पासाहेब हे शेवगावजवळच्या वस्तीवरचे शेतकरी. शाळेनं मोडक्या सामानाचा लिलाव केला तेव्हा त्यांनी सहा रुपयांना एक बाकडं घेतलं. शिपाई म्हणाला, "ही पेटी बी न्या, जागा अडवतीया." अशी मी बाकड्यावर बसून, फुकटात, बैलगाडीतून त्यांच्या घरी गेले. मंडळीच्या मालकानं पाहिलं असतं तर धाय मोकलून रडला असता. मी मात्र आज त्या शिपायाचे उपकार मानते.

कारण त्या घरात मुक्ता होती, आप्पासाहेबांची थोरली. तिनं पहिल्याच दिवशी माझा भाता पुसला, उंदरांनी पाडलेल्या भोकांना कातड्याची ठिगळं लावली आणि मला वाजवून पाहिलं. तिच्या शाळेतल्या सरोजिनीबाई दर रविवारी तिला गाणं शिकवायला येत. मुक्ताचा आवाज नेमका काळी पाचमध्ये बसायचा, आणि माझी तीच पट्टी मुकी. बाई म्हणाल्या, "अर्धा सूर खाली उतर, पांढरी सहात गा." मुक्ता म्हणाली, "न्हाई बाई. माझी जागा तीच हाय." मग बाईंनी एक युक्ती काढली. मी बाकीचे सूर द्यायचे आणि सा मुक्तानं स्वतः धरायचा. सुरुवातीला तिचा सा कोकरासारखा बागडायचा. वर्षभरात तो असा ठाम झाला की मीच त्याच्यावर टेकून बसू लागले.

एकाहत्तर साली मुक्ता मॅट्रिक झाली. तिला संगीत नाटकाचं शिक्षण घ्यायचं होतं, दुसरं काहीच नको होतं. गोजरबाई, म्हणजे तिची आई, ऐकताच म्हणाल्या, "नाटकात धाडायची? लोकं म्हनतील, पोरगी फडावर सोडली." आप्पासाहेब यात्रा कमिटीचे होते आणि घरटी वर्गणी गोळा करण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ते म्हणाले, "लोकं यात्रंची पट्टी तरी येळेवर देत्यात का? त्यांचं काय ऐकायचं." वर्गणी, हा पट्टीचा तिसरा अर्थ.

सरोजिनीबाईंनी दोन विद्यालयांची माहितीपत्रकं मागवली, एक पुण्याचं आणि एक नगरचं. प्रवेश परीक्षेत पहिल्या येणाऱ्याला पुणं वर्षाला चारशे रुपयांची शिष्यवृत्ती देणार होतं, नगर दीडशेची. झालं, वस्तीवर नुसता जल्लोष. आप्पासाहेब म्हणाले, "चारशे कुठं आन् दीडशे कुठं. पुन्यालाच जायाचं." माझाही भाता पुण्याच्या नावानं फुलला, खोटं कशाला बोलू.

बाई मात्र हसल्या. "आप्पासाहेब, शिष्यवृत्ती किती मिळते ते नंतर. पदरचं किती जातं ते आधी बघा." घरात पाटी सापडेना म्हणून त्यांनी माझं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला खडूनं लिहायला सुरुवात केली. पुण्याची फी तीनशे, दहा महिन्यांची खोली नि खानावळ सहाशे, नाटकाचे कपडे पन्नास. झाले साडेनऊशे. चारशे वजा, पदरचे साडेपाचशे. नगरची फी दीडशे, वसतिगृहाचं जेवणखाण अडीचशे, किरकोळ वीस. झाले चारशे वीस. दीडशे वजा, पदरचे दोनशे सत्तर.

आप्पासाहेबांनी दोन्ही बेरजा बोटांवर मोजून पाहिल्या. "म्हंजी मोठा ढोल वाजिवत्यात त्येच जास्ती घेत्यात," ते म्हणाले. मग हळूच पुढे म्हणाले, "पर माझ्याजवळ कांद्याचे दोनशेच हायेत, बाई. त्याच्यावर एक न्हाई." सत्तर रुपये कमी पडत होते. मुक्तानं माझं झाकण इतकं हळू लावलं की खडूचा कणही सांडला नाही. बाई म्हणाल्या, "अर्ज तर करू. परीक्षा तर देऊ."

नगरला अर्ज गेला. मे महिन्यात बाई राहात्याला माहेरी गेल्या आणि मुक्ता मामाच्या गावी लग्नाला. नेमकं त्याच आठवड्यात नगरहून कार्ड आलं. आप्पासाहेबांनी ते माझ्यावर ठेवून मोठ्यानं वाचलं. "विद्यार्थिनीस पंधरा जून रोजी परीक्षेस आणावे. तिची पट्टी उलटटपाली कळवावी."

मित्रांनो, मला सगळं कळत होतं. पण कुणी भाता हलवल्याशिवाय मला बोलता येत नाही. माझ्या डोळ्यांदेखत आप्पासाहेबांनी दौत घेतली आणि माझ्याच पाठीवर कार्ड ठेवून उत्तर लिहिलं. "आमची पट्टी दोनशे रुपये. रोख देऊ. थकवणार नाही."

पंधरा जूनला गोजरबाईंनी मला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळलं. म्हणाल्या, "पेटी संगती असली म्हंजी पोर एकटी न्हाई." एवढ्यावरून मी ओळखलं की त्यांचा राग गेला. एसटीत मी मुक्ताच्या मांडीवर बसले. कंडक्टरनं माझं अर्धं तिकीट मागितलं. आप्पासाहेब त्याच्याशी तिसगावपर्यंत भांडले आणि शेवटी लगेजचे चार आणे देऊन मोकळे झाले. मला मात्र अर्ध्या तिकिटाचा मान आवडला होता.

विद्यालयाचे प्रमुख नृसिंहराव हे उंच, वाळलेले, जाड चष्म्याचे गृहस्थ. परीक्षेला अकरा मुलं होती. मुक्ताचं नाव पुकारलं गेलं. नृसिंहरावांनी तिचे कागद चाळले, एक कार्ड उचललं आणि ते वाचता वाचता त्यांचे खांदे हलू लागले. "पट्टी दोनशे रुपये," ते शेजारच्या परीक्षकांना म्हणाले. "आमच्या ऑर्गनवर ही पट्टी नाही हो." खोलीभर हशा पिकला. मुक्तानं माझा भाता उघडता उघडता पुन्हा मिटला.

दारात उभे असलेले आप्पासाहेब पुढे आले. त्यांचे कान लाल झाले होते. "गावात पट्टी म्हंजी वर्गनी, सायेब. मला त्येवढीच ठावं. पर लिवलंय ते खरं लिवलंय."

नृसिंहरावांचं हसणं थांबलं. त्यांनी कार्ड नीट घडी घालून खिशात ठेवलं आणि मुक्ताला विचारलं, "बरं, गाण्याची पट्टी कोणती?"

"काळी पाच."

ते स्वतः उठून माझ्यापाशी बसले. भाता मारला, काळी पाच दाबली. नुसता वारा आला. पुन्हा दाबली, पुन्हा वारा. मला जमीन दुभंगावी असं झालं. "मुली, ही तर मुकी आहे," ते म्हणाले.

"व्हय. तो सूर मी धरते."

आणि तिनं धरला. मित्रांनो, मी नाटकमंडळीत वीस वर्षं काढली आहेत, पण असा सा मी ऐकला नव्हता. ती नाट्यपद गात गेली, हातवारे करत गेली, चार पावलं चालून गेली, आणि नृसिंहराव माझ्यावर साथ करत गेले. पदाच्या मध्यावर त्यांनी माझा भाता मुद्दाम बंद केला. ती एकटीच गात राहिली. शेवटचा सा तिनं लावला तेव्हा ते धावत ऑर्गनपाशी गेले आणि काळी पाच दाबून पाहिली. दोन्ही सूर एकच होते. मघाशी हसलेले परीक्षक खुर्चीच्या टोकावर येऊन बसले होते.

दुपारी निकाल लागला. मुक्ता पहिली. आप्पासाहेबांनी फेटा सारखा केला आणि सरळ विचारलं, "पदरचं किती?" कारकुनानं आकडा सांगितला. दोनशे सत्तर. झाकणावरचाच तो आकडा, पण तिथं तो फार मोठा ऐकू आला.

"दीडशेच्या वर मला एक रुपयासुद्धा देता येत नाही," नृसिंहराव म्हणाले. "नियम आहे." त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मुक्तानं लुगडं उलगडलं आणि ती मला गुंडाळू लागली. तिचं एक आसू माझ्या मुक्या पट्टीवर पडलं. त्या क्षणी मला माझ्या गंजलेल्या सुराची नव्हे, माझ्या सगळ्याच सुरांची लाज वाटली. कसल्या कामाची मी?

आप्पासाहेब माझ्याकडे बघत होते. "सायेब, पोरांना सरावाला पेट्या किती?"

"दोनच आहेत. रांग लागते."

"मंग ही तिसरी ऱ्हाऊ द्या. आमी बैलं भाड्यानं देतो, तर पेटी का न्हाई? म्हयन्याला सात रुपये."

नृसिंहरावांनी चष्मा पुसला. "एक पट्टी मुकी असलेल्या पेटीला सात रुपये?"

"मुकी हाय म्हनून तर पोरगी सूर धराया शिकली. खरं तर आठ मागाया पायजेत."

माझ्या पोटातला एकूण एक सूर ताठ उभा राहिला. नृसिंहरावांनी फळ्याजवळचा खडू उचलला, माझं झाकण उघडलं आणि बाईंच्या आकड्यांखाली लिहिलं. दहा महिने, सात रुपये, सत्तर. दोनशे सत्तर वजा सत्तर, दोनशे. त्याखाली दोन शब्द. "पट्टी मान्य."

मुक्ता इथंच, नगरच्या विद्यालयात, तीन वर्षं शिकली. ती पहिल्यांदा नाटकात उभी राहिली त्या दिवशी दारावरच्या माणसानं आप्पासाहेबांकडे तिकीट मागितलं, तर ते म्हणाले, "आमची पट्टी कवाच भरलीया," आणि गोजरबाईंना घेऊन ऐटीत आत गेले. तिन्ही वर्षं माझं भाडं चुकलं नाही. शिक्षण संपल्यावर मुक्तानं मला घरी नेलं नाही, इथल्या मुलांसाठी ठेवून गेली.

आता नव्या पेट्या आल्या आहेत आणि माझ्यावर कधी कधी महिनाभर धूळ असते. मित्रांनो, तेवढी पुसत जा. भात्याला उंदीर लागू देऊ नका, पावसाळ्यात मला भिंतीपासून हातभर दूर ठेवा. झाकणातले आकडे तेवढे राहू द्या. दुरुस्तीला दिलंत तर सगळं दुरुस्त करा, पण काळी पाचला हात लावू नका. दर जूनमध्ये एखादं नवं पोर येतं, ती पट्टी दाबतं आणि दचकून वर बघतं. मी वाट बघते. थोड्या वेळानं ते पोर भीत भीत तोंड उघडतं, आणि तो सूर लागतो.